सिलुएटला मराठीत काय म्हणावं, आणि मुळात म्हणावं का?

एका लेखिकेने विचारलेला प्रश्न असा आहे. कथेतली मुलगी बऱ्याच वर्षांनी गावी येते. संध्याकाळची वेळ. फाट्यावर एसटीतून उतरून चालत येताना तिला घराच्या माळवदावर वडील पाठमोरे उभे दिसतात, नुसती काळी आकृती. लेखिकेला इथे 'सिलुएट' हवं आहे. 'छायाचित्र' लिहिलं तर फोटो वाटतो, 'छायाकृती' लिहिलं तर पाठ्यपुस्तक वाटतं, आणि 'सावली' लिहिलं तर मैत्रिणीने विचारलं, "वडील वारलेत का गं?" मग नेमका शब्द कोणता, आणि ललित लेखनात तो वापरायचा कसा? सोबत कथेची पहिली दोन पानं आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो, कारण खरी अडचण त्या पानांत आहे, शब्दात नाही.

मी पंचवीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आहे. मधली काही वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासण्यातही गेली. हा शब्द दर दुसऱ्या कादंबरीत येतो आणि दर वेळी हात थबकतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर मराठीत याला एकच एक नाम नाही, आणि गोष्ट सांगताना बहुतेक वेळा नामाची गरजही पडत नाही. आपली भाषा हे काम क्रियापदावर सोपवते, आणि उजेड कुठे आहे ते सांगून मोकळी होते.

हे मला शिकवलं एका पेन्सिलीने. अगदी सुरुवातीच्या एका अनुवादात नायिका दाराच्या चौकटीत उभी आहे, मागून दिव्याचा प्रकाश येतोय, असा प्रसंग होता. मूळ वाक्यात सिलुएट. मी लिहिलं, 'दारात तिची सावली उभी होती.' संपादकांनी समासात बारीक अक्षरात लिहून पाठवलं, 'सावली उभी राहते? भूत आहे का?' मी रागावलो. मग पुन्हा वाचलं आणि गप्प बसलो. छापून आलेलं वाक्य असं: 'ती दारात उभी होती. उजेड तिच्या पाठीमागे होता, त्यामुळे तोंड दिसेना.' यात सिलुएट हा शब्द नाही, छाया नाही, आकृती नाही, पण चित्र पूर्ण आहे.

तर आधी सावली आणि सिलुएट यांतला फरक पक्का करून घेऊ, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. सावली 'पडते'. ती वस्तूपासून वेगळी, दुसरीकडे, जमिनीवर नाहीतर भिंतीवर असते. तुमच्या पाठीशी दिवा असेल तर तुमची सावली तुमच्या पुढ्यात पडते. सिलुएट कुठेही पडत नाही. ते वस्तूच असते, खुद्द माणूस असतो, फक्त उजेड त्याच्यामागे आणि आपण पुढे, म्हणून त्याच्या आतला सगळा तपशील काळ्यात बुडालेला आणि कड तेवढी शिल्लक. सावलीत माणूस नसतो, त्याची खूण असते. सिलुएटमध्ये माणूस असतो, त्याची ओळख नसते. म्हणून मैत्रिणीला वडील वारल्यासारखे वाटले. 'वडिलांची सावली दिसली' या वाक्यात मराठी कानाला वडील हजर नाहीत.

गंमत म्हणजे हा गोंधळ शब्दाच्या जन्मातच आहे. सिलुएट हे एका माणसाचं आडनाव. एतियेन द सिलुएत, जन्म १७०९, फ्रान्सचा अर्थमंत्री. सप्तवार्षिक युद्धात तिजोरीला भोक पडलं होतं, तेव्हा मार्च १७५९ मध्ये त्याला नेमलं. त्याने श्रीमंतांवर, नोकरचाकरांवर, चैनीच्या वस्तूंवर कर बसवायला घेतले, सोन्याचांदीची भांडी वितळवायला लावली, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत स्वतःच घरी गेला. जेमतेम आठ-नऊ महिने. पॅरिसमध्ये मग जे जे काटकसरीचं, अपुरं, उरकलेलं, त्याला 'सिलुएत पद्धतीचं' म्हणायची टूम निघाली. त्याच काळात तैलचित्राचा खर्च न परवडणारे लोक दिव्यासमोर बाजूने बसून आपली सावली कागदावर उतरवून घेत, आणि ती काळ्या कागदातून कातरून चौकटीत लावत. स्वस्तातलं चित्र, म्हणून तेही 'सिलुएत'. दुसरी एक उपपत्ती अशी की मंत्री म्हणून तो सावलीसारखा आला नि गेला, म्हणून. तिसरी अशी की त्याला स्वतःलाच अशी चित्रं करायचा नाद होता. कोणती खरी यावर कोशकारांचं एकमत नाही. मला पहिली पटते, कारण टिंगलीतून जन्मलेले शब्द जास्त टिकतात.

म्हणजे बघा, ज्या चित्राला हे नाव मिळालं ते मुळात सावलीवरून काढलेलं होतं. नंतर शब्द सरकला आणि प्रकाशासमोर काळ्या दिसणाऱ्या जिवंत माणसालाही लागू झाला. इंग्रजांनी तर बरीच वर्षं हा शब्द घेतलाच नव्हता. ते अशा चित्रांना 'शेड' नाहीतर 'प्रोफाईल' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओग्युस्त एदुआर नावाचा फ्रेंच कलाकार इंग्लंडात आणि मग अमेरिकेत कात्रीने लोकांच्या आकृत्या कापत हिंडला. हातात कागद आणि कात्री, समोर माणूस उभा. हा शब्द तिकडे रुळवण्यात त्याचा मोठा वाटा.

या मंत्र्याबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे, कारण तो अनुवादकही होता. इंग्रज कवी पोपचं एक दीर्घकाव्य त्याने फ्रेंच गद्यात आणलं होतं. अर्थमंत्री म्हणून फसला, अनुवादक म्हणून कोणाच्या लक्षात नाही, आणि आडनाव मात्र जगभरच्या भाषांत. त्या आडनावाचं मूळही ऐका. ते बास्क भाषेतलं. 'झुलो' किंवा 'झिलो' म्हणजे भोक, खळगा, आणि पुढे '-एता' हा जागा दाखवणारा प्रत्यय. भोकांची जागा. काळी आकृती म्हणजे उजेडाला पडलेलं माणसाच्या आकाराचं भोक, हे त्या बास्क पूर्वजांच्या स्वप्नातही नसेल. पण योगायोग इतका चपखल आहे की मी शिकवताना तो सोडत नाही.

आता मराठी पर्याय. शब्दकोशांत साधारणपणे छायाकृती, बाह्याकृती, छायाचित्र असे शब्द सापडतात. छायाचित्र हा शब्द फोटोने कधीच पळवला, तो आता परत मिळणार नाही. बाह्याकृती म्हणजे नुसती बाहेरची रेषा. ती पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनेही काढता येते, तिच्यात काळोख नाही. उरली छायाकृती. हा शब्द वाईट नाही. चित्रकला, छपाई, बोधचिन्ह, संग्रहालयातली पाटी, अशा ठिकाणी तो चोख काम करतो: 'काळ्या कागदातून कातरलेल्या छायाकृती', 'स्पर्धेच्या बोधचिन्हात धावणाऱ्या मुलीची छायाकृती'. तिथे ती एक वस्तू आहे, आणि वस्तूला नाम लागतं. फोटोग्राफर आणि नाटकातले प्रकाशयोजनाकार मात्र सरळ 'सिलुएट' म्हणतात, आणि त्यांच्याबद्दल, त्यांच्या तोंडी लिहिताना तोच शब्द ठेवावा. नाटकात सायक्लोरामावर, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पडद्यावर, प्रकाश सोडला आणि पुढचे सगळे दिवे बंद केले की झालं सिलुएट. तिथे कुणी 'छायाकृती द्या' म्हटलं तर दिवेवाला वर बघेल.

लेखन कसं करायचं हेही विचारतात. सिल्हूट, सिल्हाउट, सिल्युएट, सगळं छापलेलं पाहिलं आहे. यातला 'ह' फ्रेंचमध्येही उच्चारत नाहीत आणि इंग्रजीतही नाही. 'सिलुएट' लिहा. लिंग मी नपुंसक वापरतो, ते सिलुएट, चित्राच्या चालीवर. कुणी पुल्लिंगी वापरलं तर भांडायला जात नाही.

कपड्यांच्या जगातलं सिलुएट वेगळं. तिथे अर्थ कपड्याची एकूण ठेवण, घेर, बांधा असा. फॅशनच्या लेखात छायाकृती लिहिलं तर हसं होईल.

पण कथेत? कथेत मी नाम टाळतो. आणि 'च्या पार्श्वभूमीवर' हा शब्दप्रयोग तर हद्दपारच करतो. 'मावळत्या सूर्याच्या पार्श्वभूमीवर होडीची छायाकृती मनमोहक दिसत होती' असलं वाक्य शेकड्यांनी तपासलं आहे. वर्तमानपत्रांनी 'पार्श्वभूमीवर'चं असं काही करून ठेवलं आहे की हे वाक्य वाचताना मला पुढे 'पोलीस बंदोबस्तात वाढ' दिसायला लागते. आणि 'मनमोहक' म्हणजे लेखकाने बघायचं काम सोडून दिल्याची पावती.

तीच होडी बघायची तर अशी: 'सूर्य पाण्याला टेकला तशी होडी काळी पडत गेली. आधी तिचा निळा रंग गेला, मग फळीवर रंगवलेलं नाव गेलं. मग जाळं आवरणाऱ्या माणसाचा सदरा आणि त्याची पाठ यांत फरक राहिला नाही. डोलकाठी मात्र एवढी स्पष्ट कधीच दिसली नव्हती.' यात कुठेही नाम नाही. आहे ती घडणारी गोष्ट. सिलुएट 'असतं' असं आपण समजतो, पण डोळ्यासमोर ते 'होत' असतं, आणि त्याचा एक क्रम असतो. रंग आधी जातात, मग पोत जातो, मग चेहरा, आणि हे सगळं जात असताना कड मात्र धारदार होत जाते. शेवटचं वाक्य त्यासाठी आहे. नुसतं 'अंधुक झालं' लिहिणारे इथेच चुकतात. अंधुक, पुसट, धूसर हे सगळे शब्द कड विरघळल्याचे आहेत. सिलुएटमध्ये आतलं विरघळतं, कड नाही. धुक्यातला माणूस धूसर असतो. पेटलेल्या आभाळासमोरचा माणूस धूसर नसतो, उलट कातरून ठेवल्यासारखा असतो.

'कातर' हा शब्द इथे आपोआप येतो. कातरवेळ ही कातर मनाची, व्याकूळ करणारी वेळ, तिचा कात्रीशी व्युत्पत्तीने संबंध जोडायला मी जाणार नाही. पण कानाला जोड लागते खरी: त्याच वेळी झाडं, माणसं, देवळाचं शिखर, सगळं आभाळातून कातरून काढल्यासारखं दिसतं. आपल्याकडे या तासाभरासाठी किती शब्द आहेत बघा. तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ, संधिप्रकाश, आणि पलीकडच्या टोकाला झुंजुमुंजू. मराठीत सिलुएटला नाम नसेल, पण सिलुएट जेव्हा दिसतं त्या वेळेला पाच नावं आहेत. तुम्ही 'दिवेलागणीला' म्हणालात की उजेडाची दिशा, रंग आणि थोडी हुरहुर वाचकाने आधीच पुरवलेली असते.

दुसरी श्रीमंती काळ्या रंगाची. इंग्रजीतून येणारं सिलुएट एकाच काळ्याचं असतं, आपल्याकडे निवडावं लागतं. काळाभोर हा प्रेमाचा काळा: केस, डोळे, पावसाळी ढग. काळाकुट्ट हा भीतीचा, अमावास्येचा. काळाकभिन्न म्हटलं की आकारमान आलं, कातळ, बुरूज, धिप्पाड माणूस. काळाशार हा ओलसर, थंड: विहिरीचं पाणी, पावसात भिजलेला दगड. काळाठिक्कर पडणं हे अंगाला होतं, विषाने, माराने. आणि काळपट, काळसर हे बिचारे अर्धवट. आता माळवदावरच्या वडिलांना यातला कोणता द्याल? 'काळीकभिन्न आकृती' लिहिलंत तर मुलगी वडिलांना घाबरते असं झालं. 'काळीभोर' लिहिलंत तर वाचकाला हसू येईल. एका विशेषणात अख्खं नातं सांगून होतं. म्हणून मी बहुतेक वेळा नुसतं 'काळे' किंवा 'काळे दिसत होते' एवढ्यावर थांबतो, आणि विशेषणाची जागा कडेवरच्या एखाद्या तपशिलाला देतो.

कडेवरचा तपशील हा या सगळ्या धंद्याचा गाभा. आतलं सगळं गेल्यावर ओळख पटवायला कडच उरते, त्यामुळे कडेवर काय आहे ते नेमकं सांगावं लागतं. डोक्यावर टोपी की फेटा की पदर. खांद्यावर घोंगडी. हातात काठी. नऊवारीचा कासोटा मागून वेगळा दिसतो, सहावारी सरळ पडते. आषाढीच्या वाटेवर पहाटे दूरून येणारी दिंडी एकाच काळ्या रेघेसारखी असते, तरी पताका, वीण्याचा दांडा आणि बाईच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन ही तीन टोकं वर आली की कुणाला विचारावं लागत नाही. गाडीच्या मागच्या काचेवरचा जिरेटोप आणि टोकदार दाढी, किंवा उंचावलेलं बोट आणि काखेतला ग्रंथ, यांना खाली नाव लिहिण्याची गरज नसते.

मला यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं ते विठोबाचं. चित्रातला विठोबा पूर्ण काळ्या रंगाने भरून टाका. नाक-डोळे नकोत, तुळशीमाळ नको, पीतांबर नको. तरी शेंबडं पोर ओळखेल. का? कटीवर हात ठेवल्यामुळे दोन्ही बाजूंना कोपर आणि कमर यांच्यामध्ये मोकळे त्रिकोण तयार होतात, त्यांच्यामुळे. शरीराने नाही, शरीरातून आरपार दिसणाऱ्या त्या दोन फटींमुळे ओळख पटते. पुन्हा ते बास्क भोक. लिहिताना हे फार कामाला येतं: माणसाचं अंग सांगण्याऐवजी अंगामधून कुठे उजेड दिसतो ते सांगा. कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई, तिच्या कोपराच्या फटीतून दिसणारा चुलीचा जाळ. बस, आई उभी राहिली.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसा सगळे डोंगर सारखेच तपकिरी-हिरवे, पण दिवस कलला की ज्याची त्याची धार वेगळी काढता येते. आणि नावंही त्या धारेवरूनच पडलेली. खंडाळ्याची नागफणी उन्हात जवळून बघितली तर नुसता कडा आहे, फणा दिसतो तो लांबून, आभाळासमोर. कर्नाळ्याच्या सुळक्याला अंगठा म्हणतात ते मुंबई-गोवा रस्त्यावरून बघणाऱ्याने. इथे लोकांनी सिलुएटला शब्द शोधत बसण्याऐवजी डोंगरालाच त्याचं नाव देऊन टाकलं.

छायेच्या पडद्यावरचा खेळ आपल्याला जुना आहे, त्यामुळे 'छाया' हा शब्द काही फ्रेंचांची उसनवारी नाही. महाभारताच्या शांतिपर्वात 'रूपोपजीवन' असा शब्द येतो. सतराव्या शतकात काशीत राहून महाभारतावर टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर, मूळचे आपल्या कोपरगावचे, त्यावर सांगतात की दक्षिणेत हे 'जलमंडपिका' म्हणून प्रसिद्ध आहे: मध्ये तलम वस्त्र धरून चामड्याच्या आकृत्यांनी राजे, अमात्य वगैरेंचं वर्तन दाखवतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ अजून जिवंत ठेवला आहे. त्यासाठी झटणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि कर्नाटक-आंध्रात हाच धंदा करणाऱ्या बऱ्याच घरांमध्ये आजही मराठीची एक बोली बोलतात, हे ऐकून मला पहिल्यांदा काटा आला होता.

पण शब्दाच्या दृष्टीने एक सावधगिरी. पडद्यावरची छाया काळीच असते असं नाही. आंध्रातल्या तोलुबोम्मलाटाच्या बाहुल्या मोठ्या, पारदर्शक केलेल्या चामड्याच्या आणि रंगीत असतात. पडद्यावर लाल-हिरवा उजेड पडतो, सीतेच्या अंगावरचे दागिने दिसतात. ओडिशातल्या रावणछायेच्या बाहुल्या मात्र हरणाच्या कातड्याच्या, रंग न दिलेल्या, त्यामुळे छाया निखळ काळी. छायानाट्य दोन्ही, सिलुएट मात्र फक्त दुसऱ्यात.

आता ललित वापर. सिलुएट हे दडवण्याचं हत्यार आहे. काळोख सगळंच दडवतो, पण सिलुएट 'कोणीतरी आहे' एवढं सांगून 'कोण' ते दडवतं. भयकथा, प्रेमकथा आणि घरी परतण्याची गोष्ट, तिन्हींना हा एक क्षण लागतो, आणि तिघींत त्याचं काम वेगळं. भयकथेत ओळख पटू नये म्हणून लांबवायचं. परतण्याच्या गोष्टीत उलट: चेहरा दिसत नसताना नुसत्या उभं राहण्याच्या ढबीवरून ओळख पटते, आणि किती वर्षं ती ढब डोळ्यात होती हे न सांगता कळतं. प्रेमकथेबद्दल रोमन लेखक प्लिनीने एक दंतकथा नोंदवली आहे. करिंथमधल्या बुतादेस नावाच्या कुंभाराची मुलगी. तिचा प्रियकर परदेशी निघालेला. दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या चेहऱ्याच्या सावलीभोवती तिने रेघ ओढून ठेवली. बापाने त्या रेघेत माती भरून ती भाजली, आणि मातीत चेहरा घडवण्याची कला म्हणे तिथून सुरू झाली. माझं लक्ष नेहमी बापाकडे जातं. पोरीला हवी होती ती रेघ. माती भरायचं त्यालाच सुचलं, कारण तो कुंभार होता.

या हत्याराची दुसरी धार लेखकालाच कापते. एकदा पाठीमागून उजेड ठेवलात की पुढचं काही दिसत नाही, हा करार झाला. मग पुढच्या ओळीत 'तिच्या ओठांवर मंद हसू होतं' लिहिता येत नाही. सदऱ्याची बटणं, साडीचा रंग, डोळ्यातलं पाणी, काहीच नाही. हस्तलिखितांत ही चूक मला इतक्यांदा सापडली की मी तिच्यासाठी समासात फक्त 'दिवा?' एवढंच लिहायला लागलो. चेहरा दाखवायचाच असेल तर तिला वळवा, दुसरा दिवा लावा, पुढून एखादी मोटार येऊ द्या.

आणि एक गोष्ट आणखी दिसत नाही, जी चटकन लक्षात येत नाही: तोंड आणि पाठ. २००३ साली नोबुयुकी कायाहारा या जपानी डिझायनरने गिरकी घेणाऱ्या नर्तिकेचं एक काळं हलतं चित्र तयार केलं. ते फोनवर फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आलं असेल. काहींना ती उजवीकडे फिरताना दिसते, काहींना डावीकडे, आणि बघता बघता दिशा बदलते. त्यात जादू नाही, मेंदूचा डावा-उजवा भाग वगैरे तर अजिबात नाही. काळ्या आकृतीत पुढचं काय आणि मागचं काय हे सांगणारा एकही पुरावा नसतो, म्हणून डोळा हवं ते ठरवतो.

यावरून तुमच्या कथेकडे. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की संध्याकाळचं ऊन थेट ओसरीत येतं आणि आजी त्या उन्हात शेवया वाळवायची. म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला. दुसऱ्या पानावर मुलगी फाट्यावरून समोरच्या रस्त्याने ओसरीकडे येते. मग सूर्य तिच्या पाठीशी झाला आणि उजेड थेट वडिलांच्या अंगावर. ते काळे दिसणार नाहीत, उलट पाऽर चकाकतील, टोपीसकट. कोणताही शब्द घातलात तरी हे वाक्य उभं राहणार नाही. शेवया सकाळच्या उन्हात वाळवून घ्या, त्याही तशाच वाळतात, आणि ओसरी पूर्वेला करा. किंवा मुलीला परसदाराकडून आणा. मला दुसरं आवडेल. इतक्या वर्षांनी येणारी मुलगी पुढच्या दाराने येईल असं मला वाटत नाही.

आणि 'पाठमोरे' हा शब्द काढा. ते पाठमोरे आहेत हे तिला त्या उजेडात कळूच शकत नाही. तुमची सगळ्यात चांगली जागा तिथे लपली आहे आणि तुम्ही ती एका विशेषणाने बुजवली आहे. मी असं काहीसं करीन, तुमच्या भाषेत तुम्ही बदलून घ्या:

'माळवदाच्या कडेला कोणी उभं होतं. मागे सगळं आभाळ पेटलेलं, त्यामुळे नुसता काळा माणूस. टोपी, एक खांदा जरा खाली. ती शेणकईच्या आडोशाला थांबली. ते तिच्याकडे बघत होते की पलीकडे शिवाराकडे, काही केल्या कळेना. तिने हात वर करायला घेतला आणि तसाच ठेवला. मग खांद्याखालची उजेडाची फट बुजली. त्यांनी हात खाली घेतला होता, म्हणजे इतका वेळ तो कपाळावर धरलेला होता.'